पिंपाकडे बघायचं नाही

३ ऑक्टोबर, सोमवार

आज आमच्या चाव्या जप्त झाल्या. सकाळच्या हजेरीनंतर कर्नलसाहेबांनी अख्ख्या पलटणीला उभं केलं आणि सांगितलं, ज्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल आहे त्याने चावी ऑफिसात आणून द्यायची. दुपारपर्यंत चाव्या टांगायच्या फळ्यावरचे खिळे संपले. पहिली चावी साहेबांनी स्वतःची टांगली होती, त्यामुळे कोणाला कुरकुर करायची सोयच उरली नाही.

कारण सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षभरात सरहद्दीवर आमच्या एकाही माणसाला खरचटलं नाही. सुट्टीवर गेलेल्यांपैकी दोघांचे पाय मोडले आणि मागच्या महिन्यात आमचा वायरलेसवाला जिवानिशी गेला. घरी जाताना वळणावर झाडाला धडकला. त्याला ट्रक चालवायला मीच शिकवलं होतं. गिअर टाकताना जीभ बाहेर काढायचा.  मी ती अपघाताची जागा बघून आलोय. मोकळा माळ, नजर पोचेल तिथवर काही नाही, आणि वळणाच्या बाहेर एकच झाड. एवढा माळ सोडून हा नेमका त्या झाडावरच कसा गेला, ते मला अजून कळलेलं नाही.

माझीही चावी गेली. बावीस वर्षं चालवतोय, अंगावर सांगण्यासारखा ओरखडा नाही. तरुणपणी मला 'वादळ' म्हणायचे, जुनी मंडळी अजून म्हणतात. आता हे वादळ दिवसातून दोनदा सुटणाऱ्या बसने गावात जाणार.

घरी येऊन स्वयंपाकघरात जरा आदळआपट केली. बायको म्हणाली, "भांड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं? त्यापेक्षा लिहून काढा." आणि ही डायरी हातात दिली. तिच्या हॉस्पिटलात कुठल्यातरी औषधकंपनीने वाटलेली आहे. पानापानावर खाली पोट साफ ठेवण्याचे सल्ले.

४ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी बोलावलं होतं. मोटारसायकलचं प्रशिक्षण सुरू होतंय. पहिल्या तुकडीत बारा जण, आणि तुकडीचा म्होरक्या मी. शेवटी मैदानावर परीक्षा, मग त्याच दिवशी घाटातून फेरी. बाराच्या बारा पास झाले तर सगळ्यांच्या चाव्या परत, आणि पुढच्या तुकड्यांना आम्हीच शिकवायचं. एक जरी नापास झाला तर या छावणीत खाजगी मोटारसायकल कायमची बंद.

"साहेब, एकासाठी सगळ्यांना शिक्षा?"

"पलटणीत दुसरं काय असतं?" साहेब म्हणाले.

शिकवायला कोण येणार ते विचारलं. म्हणाले, बाहेरून एक बाई येणार आहेत. मी सावधानमध्ये उभा होतो म्हणून चेहरा जागेवर राहिला.

घरी सांगितलं. मला वाटलं बायको हसेल. ती मान वर न करता म्हणाली, "शिकून घ्या नीट." लेक म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्हालाही शिकवणार?" मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या घरात माझी काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे.

मला बायकोचं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, दोन बस बदलून जाते. मी रोज सोडायला तयार असतो. पण तिला वारा बाधतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं बसायची माझ्यामागे, सीटमागची कांब दोन्ही हातांनी गच्च धरून. मग तिचे कान दुखायला लागले. तेव्हापासून बस ती बसच. लेक आज काहीतरी म्हणत होती, "आई बसने जाते ना, ते कारण..." तेवढ्यात बायको म्हणाली, "चहा निवतोय," आणि विषय राहिला.

६ ऑक्टोबर, गुरुवार

बाई आल्या. चणीने लहान, केस कापलेले, जाकिटाच्या कोपराला ठिगळ. मी विचारलं, आधी काय करत होतात? म्हणाल्या, रक्तपेढीतून हॉस्पिटलांत रक्ताच्या पिशव्या पोचवायचे, मोटारसायकलवरून. नऊ वर्षं.

"म्हणजे वेगाने चालवत असाल," आमचा आचारी म्हणाला.

"पिशवी पोचायला हवी," बाई म्हणाल्या. "आणि ती पोचायची तर मी पोचायला हवं."

प्रशिक्षणापुरत्या पलटणीच्या गाड्या मिळाल्यात, पण आज गाडी सुरूच करू दिली नाही. टायर बघा, साखळी बघा, आरसे लावा. मग बंद गाडीवर बसवून नुसत्या माना फिरवायला लावल्या. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. बारा धडधाकट फौजी बंद गाड्यांवर बसून माना फिरवतायत आणि पलीकडून अख्खी तोफखान्याची मंडळी बघतेय. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं.

जाताना बाईंनी मला विचारलं, "वहिनी कशा आहेत?" म्हटलं, बऱ्या आहेत. मला बायको आहे हे हिला कसं कळलं कोण जाणे. लग्न झालेल्या माणसाच्या तोंडावर ते दिसत असावं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ब्रेक. मी पुढच्या ब्रेकला कधी हात लावत नाही. पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. बाईंनी चुन्याची रेघ मारली आणि म्हणाल्या, तुमच्या पद्धतीने थांबून दाखवा. मी मागचा ब्रेक दाबला. चाक घसरत घसरत गाडी रेघेच्या पुढे ऑफिसच्या पायरीपर्यंत गेली. पायरीवर पलटणीचा क्लार्क डबा खात बसला होता. त्याने डबा उचलला.

मग बाईंनी स्वतः करून दाखवलं. पुढचा ब्रेक झटक्याने नाही, मूठ हळूहळू आवळत, मागचा सोबतीला. त्यांची गाडी माझ्या निम्म्या अंतरात उभी राहिली. आणि तोंडावर वगैरे कोणी पडलं नाही.

मग मी केलं. आधी तीनदा बोटं पुढच्या ब्रेकवरून आपोआप उठली. चौथ्यांदा दाबला. गाडी थांबली. मी मागे वळून अंतर बघितलं आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. बावीस वर्षं हा ब्रेक माझ्या हाताशी होता.

घरी जेवताना बायको म्हणाली, "पुढचा ब्रेक वापरायला लागलात का?" एक्स-रे काढणाऱ्या लोकांना सगळंच माहीत असतं.

१० ऑक्टोबर, सोमवार

तो डबा खाणारा क्लार्क आमच्या तुकडीत आहे. जाड काच, म्हणून सगळे त्याला चष्मिश म्हणतात. गाडी अशी चालवतो की शेजारून चालणारा माणूस पुढे जाईल. साहेबांनी त्याला का घातलं आमच्यात? हा बाराही जणांना बुडवणार. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "जरा जीव आण गाडीत." तो म्हणाला, "हो सर," आणि होता त्याच चालीने गेला.

नारिंगी कोनांमधून आठचा आकडा काढायचा होता. पाय टेकायचा नाही. मी टेकला, दोनदा. चष्मिशने टेकला नाही. त्याला हळू चालवायची सवय आहे, त्यात काय एवढं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस लिहायची इच्छा नाही. पण लिहितो, नाहीतर भांडी आपटेन.

मैदानाच्या मध्यावर बाईंनी एक रिकामं पिंप ठेवलं. पत्र्याचं नाही, प्लॅस्टिकचं, निळं. त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक जाईल एवढी मोकळी जागा. सरळ यायचं, बाईंनी झेंडी दाखवली की ऐनवेळी वळून पिंप चुकवायचं. एवढंच.

बारापैकी नऊ जण पिंपावर गेले. आचारी गेला, दोघे सुरुंगवाले गेले, आणि मीसुद्धा. पिंप गडगडत लांब गेलं आणि मी त्याच्या मागोमाग.

बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी पोस्टमन शिकवलेत, दूधवाले शिकवलेत, कॉलेजची पोरं शिकवलीत. इतका अचूक नेम कोणाचा नव्हता."

सगळे हसले. मी नाही हसलो. मी म्हटलं, "हँडल जड आहे."

"हँडल नाही. तुम्ही पिंपाकडे बघताय."

"मग कुठे बघू? समोर पिंप आहे."

"गाडी तुमच्या नजरेमागे जाते, हवालदारसाहेब. जिथे बघाल तिथे जाल. पिंप दिसलं की सोडून द्या. शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघा."

आता हिला काय सांगणार? भरती झाल्यापासून आम्हाला एकच शिकवलंय, धोका दिसला की त्याच्यावरून नजर हलवायची नाही. पापणी लवली तर माणूस जातो. मी दोन वर्षं टेहळणीच्या मनोऱ्यावर काढली आहेत. समोरच्या टेकडीवरचं झुडूप हललं तरी मला दिसायचं. आणि ही म्हणते सोडून द्या.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आजही पिंप. पाच वेळा. आता ते मला ओळखायला लागलं असेल.

चष्मिश पहिल्याच दिवशी सुटला होता. त्याला विचारलं, तू कसा सुटलास? म्हणाला, "सर, मला लांबचं पिंप नीट दिसतच नाही. रस्ता तेवढा दिसतो." ही काय तऱ्हा झाली.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा छावणीबाहेर गेलो. बाई पुढे, मी दुसरा, बाकीचे रांगेने. रांगेत आम्हाला कोण शिकवणार? ताफा चालवणं हा आमचा रोजचा धंदा. अंतर सारखं, वेग सारखा, पुढच्याच्या मागच्या दिव्यावर नजर. बघणाऱ्याने पट्टी लावून मोजावं अशी रांग होती. मला फार बरं वाटत होतं.

कालव्यापाशी बाईंनी डावा इशारा दिला आणि वळल्या. मी वळलो. माझ्यामागे सगळे वळले. रस्त्याची पायवाट झाली, पायवाटेचा बांध झाला, आणि बांधावरून बाई खाली उतरल्या. मीही उतरलो. बघतो तर पाणी सोडलेलं शेत. बाईंची गाडी हलकी, ती कडेकडेने गेली. माझी मधोमध रुतली. मागे वळून बघितलं तर एकामागोमाग एक सगळे व्यवस्थित अंतर राखून चिखलात उतरत होते. आचारी शेवटचा होता. त्याला वरून सगळं दिसत होतं, तरी उतरला.

बाईंनी इंजिन बंद केलं. "इथे का आलात?"

"तुम्ही आलात म्हणून," मी म्हटलं.

"मी चुकले. तुम्हाला डोळे नव्हते?"

बेडूक तेवढे बोलत होते. बाईंनी आचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "रांग कशी मोडणार, बाई?"

"रस्त्यावर प्रत्येकाने आपापलं बघायचं," बाई म्हणाल्या. "पुढचा खड्ड्यात गेला तर तुम्ही जायचं कारण नाही." गाड्या बाहेर काढायला अर्धा दिवस गेला.

छावणीच्या नळावर बूट, विजार, गाडी, सगळं स्वच्छ धुतलं. घरी पोचलो तर बायको म्हणाली, "निघाला का चिखल?" या छावणीत बातमी पायांनी चालत नाही, उडते.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आज रविवारची सुट्टी संपून पुन्हा पिंप. पहिल्या फेरीला गेलोच त्याच्यावर. मी गाडी उचलत असताना बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमचा तो वायरलेसवाला. त्याच्या अपघाताची जागा मी बघून आलेय. माळावर एकच झाड आहे."

मी गाडी स्टँडला लावली.

"वळणावर त्याचा वेग जास्त झाला असेल. घाबरला असेल. घाबरला की माणूस काय बघतो?"

मला एकदम सगळं दिसलं. एवढा मोकळा माळ आणि तो पोरगा त्या एका झाडाकडे बघत होता. नजर हलवायची नाही, असं आम्ही सगळ्यांनी त्याला शिकवलं होतं, आणि तो शहाणा मुलगा होता, त्याने नजर हलवली नाही. मी तिथेच गाडीच्या सीटवर डोकं टेकून रडलो. तुकडी बघत होती, बघू दे. आचारी पाणी घेऊन आला. चष्मिशने माझी पडलेली टोपी उचलून झटकली आणि तशीच हातात धरून उभा राहिला.

नंतर बाई पिंपापलीकडे, बाजूच्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे बघत या." मी आलो. पिंप कुठेतरी बाजूने गेलं, मला कळलंसुद्धा नाही.

मग त्या तिथून हटल्या आणि म्हणाल्या, आता या. मी पुन्हा पिंपावर.

"तिथे कोणीतरी उभं आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "ज्याच्यापर्यंत पोचायचंय असं कोणी."

१९ ऑक्टोबर, बुधवार

परवा परीक्षा. अकरा जण तयार आहेत. बारावा मी. तीनदा सुटतो, चौथ्यांदा पिंप.

साहेब आज बघायला आले आणि नेमकी तेव्हाच चौथी वेळ आली. ते घड्याळ बघून निघून गेले. ऑफिसात गेलो तेव्हा चाव्यांच्या फळ्यासमोर दोन जवान उभे होते, आपापली चावी बघत. मला बघून बाजूला झाले. एकाची आई आजारी आहे, गाव बसच्या रस्त्यावर नाही. हे सगळं आता माझ्या मानेवर आहे. खरंच मानेवर, कारण वळवायची तीच आहे.

मी घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही, वाचायला पोट साफ ठेवणाऱ्या कंपनीशिवाय कोणी नाही.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. असा वारा सुटला होता की दोरीवरचे कपडे आडवे झाले होते. बायको तिथेच उभी राहून निवांतपणे चिमटे काढत होती, डोक्याला रुमालही नाही. म्हटलं, "कान दुखतील." म्हणाली, "बघू." मग विचारलं, "परवा जमेल ना?" मी म्हटलं, "नाही जमलं तर?" तिने चिमटे ओच्यात टाकले आणि म्हणाली, "माझ्याकडे रोज माणसं येतात एक्स-रेला. त्यातल्या एकानेही सांगितलं नाही की मला कुठे पोचायचं होतं. सगळे सांगतात, समोर काय आलं." आणि कपडे घेऊन खाली गेली. तिला अशी मधूनच बोलायची सवय आहे.

२० ऑक्टोबर, गुरुवार

बाईंची परवानगी काढून संध्याकाळी एकटाच मैदानावर गेलो. पिंप ठेवलं. त्याच्या बाजूला कोणाला उभं करायचं, याचा विचार केला. साहेबांना केलं, जमलं नाही, हात सलामाला उठायला लागला. मग बसथांबा आठवला, हॉस्पिटलच्या फाटकासमोरचा. तिथे बायको संध्याकाळी पिशवी घेऊन उभी असते, बस येईल त्या दिशेला बघत. कधीपासून उभी राहते तिथे. मी गाडी त्या थांब्याकडे नेली. पिंप राहिलं. पुन्हा नेली. पुन्हा. अंधार पडेपर्यंत एकदाही पिंपाला लागलो नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

सावकाश लिहितो, काही सुटायला नको.

सकाळी मैदान. बाजूला घरची मंडळी बसवली होती, बायकोने रजा टाकली होती, लेकही आली होती. ब्रेक, आठचा आकडा, सगळे सुटले. मग पिंप. एकेक जात होता. माझी पाळी आली, झेंडी पडली, आणि मी थांब्याकडे गेलो. बाईंनी फक्त मान हलवली. लेकीने अशी शिट्टी मारली की तोफखान्याच्या लोकांनी मागे वळून बघितलं. कुठे शिकली देव जाणे.

मग घाट. आता पुढे मी, मधे बाई, शेवटी चष्मिश, आणि सगळ्यांच्या बऱ्याच मागे साहेबांची जीप. चढ संपून उतार लागला. तिसऱ्या वळणावर वळलो आणि समोर गवताचा भारा. कुठल्यातरी ट्रकवरून पडलेला, माझ्याच बाजूला, कमरेएवढा उंच. समोरून बस येत होती. भारा आणि कठडा यांच्यामध्ये एक गाडी जाईल एवढी जागा.

भारा मला दिसला आणि मी त्याला सोडून दिलं. त्या जागेकडे बघितलं, तिच्या पलीकडच्या रस्त्याकडे बघितलं. गाडी गेली. एवढंच झालं. पण मग काळजाचं पाणी झालं, कारण माझ्यामागे अकरा जवान होते आणि ते सगळे माझ्या दिव्याकडे बघत असले तर? आरशात पाहिलं. एकाने वेग कमी केला, एक बस जाईपर्यंत थांबून दुसऱ्या बाजूने आला, आचारी माझ्या वाटेने पण माझ्यापेक्षा सावकाश. रांग पार विस्कटली होती. ती विस्कटलेली रांग बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्या परेडला झाला नाही.

पायथ्याच्या पेट्रोल पंपावर थांबून मोजले. मी धरून अकरा. पुन्हा मोजले. अकरा. चष्मिश नव्हता.

साहेबांची जीपही येईना. मला कळून चुकलं. तो पडला असणार, जीप त्याच्यापाशी थांबली असणार. चाव्या वगैरे डोक्यातून गेलं सगळं. मला त्याने हातात धरलेली माझी टोपी आठवली. मी गाडी वळवायला लागलो तर बाई आडव्या आल्या. "घाटात उलटं जायचं नाही. इथेच थांबायचं."

"माझा माणूस आहे तो."

"म्हणूनच थांबायचं. वर साहेब आहेत."

थांबलो. आजवर केलेल्या कामांत हे सगळ्यात अवघड. आचारी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता.

मग वळणावरून तो आला. त्याच चालीने, शेजारून चालणारा पुढे जाईल अशा. खांद्यावर, चष्म्यावर, सगळीकडे गवत. मागे जीप.

साहेब उतरले. आम्ही सगळे ताठ. साहेबांनी चष्मिशला विचारलं, "रांग का सोडलीस? सगळ्यांना सांग."

"साहेब, रस्त्यात भारा होता," तो म्हणाला. "मी थांबलो. म्हटलं, मागून अजून कोणीतरी येईल. रात्रीही येतील. म्हणून ओढून कठड्याबाहेर टाकला. जड होता, म्हणून उशीर झाला."

आम्ही अकरा जण तो भारा चुकवून आलो होतो आणि आपापल्यावर खूश होतो. त्याला बाजूला करायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. साहेबांनी चष्मिशच्या खांद्यावरचं गवत झटकलं. मग म्हणाले, "बाई, किती पास?"

"बारा," बाई म्हणाल्या.

त्या आचाऱ्याने चष्मिशला जो उचलला तो खाली ठेवेचना. मी बाईंसमोर गेलो, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. "उस्ताद," मी म्हटलं. आमच्यात शिकवणाऱ्याला तसं म्हणतात. मी आजवर तिघांनाच म्हटलंय. बाईंनी सलाम घेतला, चुकीच्या हाताने.

संध्याकाळी फळा रिकामा झाला. साहेबांनी एकेकाला बोलावून चावी हातात दिली. ज्याची आई आजारी आहे तो गडी चावी घेऊन निघालाच होता, त्याला मी अडवलं, आधी टायर बघायला लावले, मग सोडला. माझं नाव शिकवणाऱ्यांत पहिलं आहे, चष्मिशचं दुसरं. पुढची तुकडी पुढच्या महिन्यात.

एक गंमत. निघताना बघितलं तर बायको आणि बाई एकमेकींचे हात धरून बोलत होत्या, जणू वर्षानुवर्षांची ओळख. रक्त पोचवायला जायच्या त्या हॉस्पिटलांत हिचंही असेल म्हणा. पण बायकांची गट्टी किती पटकन जमते. मला बघून दोघी हसल्या आणि बोलायच्या थांबल्या.

२२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी गाडी पुसली. टायर, साखळी, आरसे. बायको कामावर जायला खाली उतरली तेव्हा तिच्या हातात हेल्मेट होतं. कोरं करकरीत, पण घेतलेलं बऱ्याच दिवसांपूर्वीचं असावं, कारण त्याच्या खोक्यावर धूळ होती. मी म्हटलं, "अगं, वारा आहे."

"कुठे वारा?" ती म्हणाली आणि मागे बसली.

वारा चांगलाच होता. समोरच्या गच्चीवरचे कपडे आडवे होत होते. पण मी वाद घातला नाही. वळणावर वळणापलीकडे बघितलं, सिग्नलला मूठ हळूहळू आवळली. दुसऱ्या चौकापर्यंत तिचे हात मागच्या कांबेवर होते, आरशात कोपरं दिसत होती. मग एक हात माझ्या खांद्यावर आला. पुलावर दुसराही.

मी जन्मात इतका हळू कधी चाललो नसेन. एक सायकलवाला आमच्या पुढे गेला.

हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरली, हेल्मेट काढलं, केस नीट केले. मी विचारलं, "कान?"

"बरे आहेत."

"संध्याकाळी बसनेच येशील ना?"

तिने थांब्याकडे एकदा पाहिलं. मग हेल्मेट माझ्या हातात दिलं. "न्यायला या," ती म्हणाली. "मी फाटकापाशी उभी राहीन. माझ्याकडे बघत या."